दिघ्यांचा हौद आणि कमलाबाईंचा अर्ज

स्वतःच्या बंगल्यात पोहण्याचा हौद बांधून त्याच्या काठावर अठरा वर्षं कोरडा बसून राहिलेला माणूस बडोद्यात एकच होऊन गेला. हेरंबराव दिघे. बंगला सयाजीगंजात, स्टेशनाकडून आलं की डाव्या हाताला. फाटकावर पितळी पाटी, तिच्यावर नाव आणि नावाखाली 'दरबारी सामानखाते'. पाटी रोज सकाळी चिंचेनं घासली जाई. नाव एकाचं आणि घासणारे हात दुसऱ्याचे. त्या घराची सगळी रीत माणसाला फाटकातच कळावी अशी सोय होती.

घासणारे हात कमलाबाईंचे. ही गोष्ट त्यांचीच आहे. पण वाटेत हेरंबराव बसलेले आहेत, त्यांना ओलांडल्याशिवाय कमलाबाईंपर्यंत पोचता येत नाही. अठरा वर्षं खुद्द कमलाबाईंचीही हीच अडचण होती.

एकोणीसशे अकरा साली महाराजांची स्वारी विलायतेला निघाली, तिच्यात हेरंबराव होते. म्हणजे सामानाच्या डब्यात होते. पेट्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि एखादी पेटी दिसेनाशी झाली की घाम पुसायचा, एवढाच त्यांचा दरबार. परत आले ते मात्र अशा थाटात, की लंडन यांना विचारून बांधलं असावं. चहाला 'टी' म्हणू लागले, धोतरावर बूट घालू लागले, आणि आठव्या दिवशी जेवताना म्हणाले,

"साहेबाच्या घरात हौद असतो, कमला. पोहायला. घरात!"

"मग?"

"मग काय मग? आपल्याकडे आहे का कुणाकडे?"

"आपल्याकडे नदी आहे."

"विश्वामित्रीत मगरी आहेत."

"नर्मदेतही होत्या. आम्ही चांदोदच्या मुली त्या जाग्या व्हायच्या आत पोहून घरी यायचो."

हेरंबरावांचा घास हातातच राहिला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि बायकोला पोहता येतं हे ते आज ऐकत होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारण्याची सवयच नव्हती त्यांना, फक्त सांगण्याची होती.

चांदोदच्या घाटावर एक सरकारी अन्नछत्र होतं, कमलाबाईंचे वडील तिथले कारभारी. घराच्या मागच्या दारातून पायऱ्या थेट नर्मदेत उतरत. सातव्या वर्षी ही पोर प्रवाह कापून पलीकडच्या वाळूवर जाई आणि ओली काकडी खात परत येई. नवव्या वर्षी तिनं एका बुडत्या यात्रेकरूला शेंडीला धरून काठाशी आणलं. त्यानं शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असेल, तर "पोरी, जात कुठली?" तेराव्या वर्षी लग्न झालं. बडोद्याला येताना ट्रंकेत चार लुगडी आणि नर्मदेतला एक गुळगुळीत, मुठीत मावेल असा काळा गोटा. लुगडी विरली. गोटा देवघरात बसला.

हौद झाला. तीस फूट लांब, पंधरा रुंद, एका टोकाला कमरेएवढं पाणी आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाणारं. उद्घाटनाला हेरंबरावांनी लंडनहून आणलेला लोकरीचा पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख घातला. मिशांना तेल लावलं. नारळ फोडला, पाण्याला पळीभर दूध घातलं, आणि वेताच्या खुर्चीत बसून राहिले. त्या दिवशी सर्दी होती. दुसऱ्या दिवशी अमावास्या. मग पाणी जड होतं. मग जेवण जड झालं होतं.

पाचव्या दिवशी कमलाबाईंनी माजघराच्या खिडकीतून पाहिलं. हेरंबराव पहिल्या पायरीवर उभे, पाणी घोट्याला, आणि दोन्ही हातांनी कठड्याची साखळी अशी धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. कमलाबाईंना घाटावरच्या यात्रेकरूंची आठवण झाली. त्या दिवशी त्यांना जे कळलं, ते त्यांनी चांदीच्या भांड्यासारखं पुसून, गुंडाळून, नीट ठेवून दिलं.

आता त्या घराची एक चाल सांगायला हवी. हेरंबराव घरातही कचेरीच करत. पितळेचा नवा डबा हवा? अर्ज. माहेरी जायचंय? अर्ज. अर्ज दिला की ते चष्मा लावत, कागद दुरून वाचत, जणू बायको दुसऱ्या तालुक्यात राहते. मग समासात शेरा मारत आणि कागद खणात ठेवत. कमलाबाई चांदोदच्या शाळेत चार इयत्ता शिकलेल्या, अक्षर मोत्याचं. त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज लिहिला:

'अर्जदार कमलाबाई, राहणार याच घरी. अर्ज करते की, दुपारी पुरुषमंडळी नसताना हौदात उतरून पोहण्याची परवानगी मिळावी.'

शेरा आला: 'कागद पाहिला. विचारात ठेवावा.'

ठेवला. अठरा वर्षं.

तोवर हौद सांभाळायचा कुणी? मालकांना वेताच्या खुर्चीतून हलायला सवड नव्हती. सकाळी कडुनिंबाची पानं पाण्यावर पसरत. कमलाबाईंनी जुन्या धोतराचं फडकं काठीला शिवून जाळी केली आणि पानं काढू लागल्या. पाण्याला हिरवी झाक आली की फडक्यात मोरचूद बांधून दोरीनं पाण्यात फिरवायचं, गढूळ झालं की तुरटी. दर पंधरवड्याला पाणी पपयांना सोडायचं, रिकाम्या हौदात उतरून नारळाच्या काथ्यानं शेवाळ घासायचं, कोपरे विटेच्या तुकड्यानं खरवडायचे, आणि विहिरीवरून पुन्हा भरून घ्यायचं. हौद रिकामा असला की कमलाबाई त्याच्या तळाशी. पाणी घोट्याला लागलं की चढून बाहेर. वास घेऊन त्या सांगत, पाणी आज बिघडणार की उद्या. अठरा वर्षांत त्यांनी त्या हौदाचा प्रत्येक इंच हातानं घासला होता आणि त्यात एकदाही अंग भिजवलं नव्हतं.

आणि संध्याकाळी पाहुणे आले की हेरंबराव म्हणत, "पाण्याला फार जपावं लागतं, बरं का. आमचं आम्हालाच माहीत."

शेजारचे बळवंतराव शिर्के हे निवृत्त फौजदार. तपकीर ओढत, मान डोलवत ते ऐकून घेत. फौजदारी सुटली तरी वास घ्यायचं नाक सुटलं नव्हतं. "पण हेरंबराव," ते म्हणत, "आम्ही येतो तेव्हा नेमके तुम्ही पोहून झालेले असता. एकदा तरी ओले सापडा की."

एकोणीसशे तीस साली हेरंबराव निवृत्त झाले आणि त्याच थंडीत हौद गळू लागला. सकाळी पाहावं तर पाणी वीतभर खाली. कमलाबाईंनी रिकाम्या हौदात उतरून भिंतीवर बोटाची गाठ वाजवली. गिलावा पोकळ बोलत होता. जागोजाग भिंत सुटली होती. एक कंत्राटदार पाहायला आला, त्यानं आत वाकूनही पाहिलं नाही.

"साहेब, आमां माटी नाखी दो, गुलाब वावो. मस्त लागशे."

"माती टाकू? गुलाब लावू?" हेरंबराव कडाडले. "मी विलायतेत हौद पाहिलेत. मी स्वतः गिलावा करीन."

त्यांनी वाचनालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. रिकाम्या हौदाच्या तळाशी वेताची खुर्ची मांडली, वर छत्री, हातात लंडनचे पांढरे हातमोजे. त्या वेषात ते गिलावा करायला बसले की मसुरीला हवा खायला बसले, ते सांगणं कठीण होतं. डभोईकडून कळीच्या चुन्याच्या गोण्या आल्या. घरात भांडी घासणारी गंगाबाई त्या गोण्यांकडे पाहून हसली. तिचा नवरा गवंडी होता, तो गेल्यालाही दहा वर्षं झाली. पण वीस वर्षं तिनं त्याच्या हाताखाली चुना मळला होता, थापी मारली होती.

"बाई," ती कमलाबाईंच्या कानाशी लागली, "सायबांना सांगा, चुना महिनाभर भिजूद्या. कच्चे खडे ऱ्हायले की भिंतीत बसून पानी पितात अन् फुगतात."

कमलाबाईंनी सांगून पाहिलं. "अहो, निदान महिनाभर भिजू दे चुना."

"पुस्तकात तीन दिवस लिहिलेत."

"पुस्तक कुठल्या चुन्याचं?"

"पुस्तक विलायतेचं आहे."

"मग चुना डभोईचा कशाला आणलात?"

"तुला काय कळतंय चुन्यातलं! पानाला लावायचा चुना नव्हे हा."

दिवसाला बारा विडे खाणारा माणूस हे बोलत होता. पानाचा चुनाही कमलाबाईच घरी करत, मडक्यात महिना-महिना भिजवून, वरचं पाणी बदलून. नवा चुना तोंड भाजतो, हे त्या घरात फक्त एका माणसाला ठाऊक नव्हतं, कारण त्याचं तोंड कधी भाजू दिलं गेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गिलावा सुरू झाला. गूळ घातला की चुना घट्ट धरतो, हे हेरंबरावांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. मग थोडा का? भेलीच्या भेली ओतल्या. हातमोजे चिकटले, मिशी चिकटली, शेवटी पुस्तकही चिकटलं आणि वाचनालयाला त्या रूपात परत गेलं. रात्रीतून साऱ्या सयाजीगंजातल्या मुंग्या हौदात उतरल्या. हौद झाल्यापासून त्याच्यात इतक्या आनंदानं उतरणारं ते पहिलंच कुटुंब.

आठव्या दिवशी पाणी भरलं आणि नवव्या दिवशी बळवंतरावांना चहाला बोलावलं. दोघं काठावर बसले. कमलाबाई बशा ठेवत होत्या.

"स्वतः केलंय," हेरंबराव म्हणाले. "या हातांनी."

टप्प.

पाण्यात काहीतरी पडलं. दोघांनी वळून पाहिलं.

"बेडूक असेल," हेरंबराव म्हणाले.

टप्प. टप्प. मग पलीकडच्या भिंतीवर टरारून एक फोड आला, फुटला, आणि थाळीएवढा गिलावा हळूच पाण्यात शिरला. मग दुसरा. भिंतभर देवी आल्यासारखे फोड, आणि पाणी बघता बघता पांढरं, घट्ट, वर गुळाचा फेस. बळवंतरावांनी बशी खाली ठेवली, वाकून पाहिलं, तपकिरीची चिमूट नाकाला लावली.

"हेरंबराव, आता एवढं जिरं-मीठ टाका यात. मठ्ठा झालाय."

त्या संध्याकाळी हेरंबराव जेवले नाहीत. सकाळी त्यांनी हुकूम लिहिला: 'हौद बुजवावा. मातीच्या गाड्या सोमवारी.' कागद कमलाबाईंच्या हातात दिला, खणात ठेवायला.

कमलाबाईंनी वाचला. खण उघडला. सगळ्यात तळाशी त्यांचा स्वतःचा कागद होता, कडा पिवळ्या पडलेल्या, 'विचारात ठेवावा'. त्या मोहरीएवढंही बोलल्या नव्हत्या कधी, पण रोज सकाळी पानं काढताना त्यांच्या मनात एकच असे: हौद आहे तोवर कागद जिवंत आहे. आता हौदावर माती पडणार होती. त्यांनी खण मिटला आणि दिवाणखान्यात गेल्या.

"गाड्या नको म्हणून सांगा. दीड महिना द्या. अखाजीला, अक्षय्यतृतीयेला, हौद भरून देते."

"तू? तू गिलावा करणार?" हेरंबराव हसले. "अर्ज दे. पाहू."

"अर्ज देणार नाही."

हेरंबरावांनी चष्मा लावला. घरात हे वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं होतं, ते जवळून पाहायला हवं होतं. "नाही दिलास तर?"

"तर बळवंतराव भावोजींना चहाला बोलावते. हौदाचं खोल टोक अजून भरलेलं आहे. त्यांच्यासमोर तुम्हाला म्हणते, अहो, एक बुडी मारून दाखवा. एकच."

हेरंबरावांचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि पेरं पांढरी पडली.

"दीड महिना," ते म्हणाले. "पण पान वेळेवर मिळालं पाहिजे."

"पान तर मिळणारच," कमलाबाई म्हणाल्या.

होळी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचून त्या आणि गंगाबाई हौदात उतरल्या. उरलेलं पांढरं पाणी आधी उपसून टाकलं, काठावरची वेताची खुर्ची ओटीवर नेऊन ठेवली. मग छिन्नी-हातोडा घेऊन हेरंबरावांचं कर्तृत्व खरवडायला सुरुवात केली. फारसं खरवडावं लागलं नाही, बहुतेक ते आपणहून पडत होतं. खालचा जुना गिलावाही जिथं जिथं पोकळ बोलला तिथं विटेपर्यंत काढला, आणि जिथं पक्का होता तिथं टोचे मारले, नवा चुना दात रोवून बसावा म्हणून. बागेच्या कोपऱ्यात खड्डा खणून कळीचा चुना पाण्यात टाकला. तो चर्र करून उकळला, वाफा आल्या, आणि मग निवत पडून राहिला.

"झाला कधी म्हणायचा?" कमलाबाईंनी विचारलं.

"आमचे हे जिभेवर ठेवून बघायचे," गंगाबाई म्हणाली. "भाजला तर कच्चा. पन तुम्ही नका हां बाई, साल निघते जिभेची."

कमलाबाई क्षणभर खड्ड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पानाच्या डब्यातली चुन्याची डबी आणली, रिकामी केली, आणि खड्ड्यातला चुना तिच्यात भरला.

"बाई!"

"गप. माझी जीभ कशाला? बारा वेळा जीभ बाहेर काढणारा माणूस आहे घरात."

पहिल्या विड्याला हेरंबराव खुर्चीतून उभे राहिले. "हॉ! हॉ! चुना आहे की निखारा?"

"जास्त लागला असेल हो," आतून आवाज आला. मग दबक्या आवाजात: "गंगाबाई, कच्चा."

तेवढ्या एका विड्यानंतर डबीत पुन्हा मडक्यातला जुना चुना जाई. दर पाचव्या दिवशी मात्र परीक्षा. दहाव्या दिवशी हेरंबरावांनी तोंडात थंड पाण्याची चूळ धरून दुपार काढली. पंधराव्या दिवशी नुसते हुश्श म्हणाले. विसाव्याला म्हणाले, "अलीकडे तुझ्या पानाला चव राहिली नाही, कमला. लक्ष कुठं असतं?" पंचविसाव्या दिवशी विडा चघळता चघळता त्यांचे डोळे मिटले.

"वा! आज चुना कसा लोण्यासारखा लागलाय. असा लावत जा."

माजघराच्या दाराशी दोन्ही बाया लुगड्याचा बोळा तोंडात कोंबून उभ्या होत्या. "बाई," गंगाबाई कशीबशी म्हणाली, "सायेब शिजले!"

"चुना म्हण."

"चुना बी."

बडोद्यात त्या साली कुणाच्या जिभेनं राज्याची काही सेवा केली असेल नसेल; हेरंबरावांच्या जिभेनं मात्र आयुष्यात पहिल्यांदा एक उपयोगाचं काम केलं, आणि तेही त्यांना न सांगता.

मग पक्क्या विटा कुटून त्यांची वस्त्रगाळ भुकटी केली, तिला सुरखी म्हणतात. हिरड्याचं पाणी, गूळ सुपारीएवढाच. चुना, सुरखी आणि वाळू दगडी पाट्यावर दिवसभर मळायची, बोटाला चिकटू नये आणि थापीवरून घसरू नये इतकी. भिंत आधी पाणी पिऊन तृप्त होईपर्यंत भिजवायची. मग एक हात चुना, आणि त्याच्यावर लाकडी थापीचे चपचप, चपचप हलके मार, तासन् तास, आतलं पाणी वर येऊन पुन्हा जिरेपर्यंत. दोघी समोरासमोर बसून मारत. गंगाबाई जात्यावरच्या ओव्या म्हणे आणि प्रत्येक ओवीत सासूच्या जागी सायेब घाली.

हेरंबराव काठावर येऊन उभे राहत. "तो कोपरा नीट झाला नाही."

"कुठला?"

"तो... एकंदर."

शेवटच्या हाताला घोटायला गोटा हवा होता, गुळगुळीत. बाजारातले दगड चरे पाडत. कमलाबाई उठल्या, हात धुतले आणि देवघरातला नर्मदेचा गोटा घेऊन आल्या. गंगाबाईनं कानाला हात लावले.

"अगं बाई! देव हाय तो!"

"पाण्यातलाच देव आहे. पंचवीस वर्षं ताम्हनात बसून कंटाळला असेल."

भिंती त्यांनी त्या गोट्यानं अशा घोटल्या की त्यांत तोंड दिसावं. पायऱ्या आणि उथळ टोकाचा तळ मात्र मुद्दाम खरखरीत ठेवला, पाय ठरावा म्हणून. मग ओली पोती लटकवून आठवडाभर भिंती ओल्या राखल्या. अखाजीच्या पाच दिवस आधी पाणी भरलं. कमलाबाईंनी पाण्याच्या कडेला कोळशानं रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेला. संध्याकाळी रेघेला. तिसऱ्या दिवशीही रेघेलाच.

हेरंबरावांनी रेघ पाहिली आणि आत जाऊन निमंत्रणं लिहिली. 'आम्ही स्वतः केलेल्या गिलाव्याच्या निमित्ताने, अक्षय्यतृतीयेस सायंकाळी पाच वाजता, आमरस व फरसाण.' निमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाळत ठेवलेल्या होत्या, त्या कमलाबाईंनी वाचल्या. 'आम्ही' या शब्दावर त्या जरा थांबल्या. मग आमरसाला आंबे किती लागतील ते बघायला गेल्या.

अखाजीला दुपारी चारला आमरस गाळून झाला. गंगाबाई फरसाण ताटांत काढत होती. हेरंबराव घोरत होते. बाहेर वैशाखाचं ऊन आणि हौदात काठोकाठ स्वच्छ पाणी, तळाची वाळूची कणी दिसावी असं. कमलाबाईंनी काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला. हातातली पाटली काढून देवघरात गोट्याशेजारी ठेवली.

"बाई, कागुद?" गंगाबाईनं विचारलं. अर्जाची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

"खणात आहे."

खोल टोकाच्या काठावर त्या उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षं झाली होती. अंगाला आठवतं का, एवढीच काय ती धाकधूक. मग त्या गेल्या. पाणी मिटलं. आणि हौदाच्या पार दुसऱ्या टोकाला, उथळ पायऱ्यांशी, केस चेहऱ्यावर चिकटलेल्या कमलाबाई वर आल्या आणि मोठ्यानं हसल्या. त्या हसण्यानं हेरंबराव जागे झाले.

ते ओटीवर आले. पाहिलं. धोतर सावरत काठापर्यंत धावले.

"कमला! हे काय? बाहेर ये!"

"छान आहे पाणी."

"बाहेर ये म्हणतो ना! पाच वाजत आले. लोक येतील."

कमलाबाई उताण्या होऊन संथपणे हात मारत हौदाच्या मधोमध गेल्या, जिथं तळ सुटतो तिथं. "या की न्यायला."

"काय?"

"आत या. हाताला धरून बाहेर काढा. मी काही अडवत नाही."

हेरंबराव काठाच्या या बाजूनं त्या बाजूला गेले. त्या बाजूनं या बाजूला आले. एकदा पायरीपाशी थांबले, पाण्यात अंगठा घातला आणि काढला. कमलाबाई पाहत होत्या. एवढा मोठा आवाज, एवढ्या मिशा, एवढी पितळी पाटी, आणि सगळ्यांची धाव अंगठ्यापर्यंत.

तेवढ्यात फाटक वाजलं. बळवंतराव नेहमीप्रमाणे वेळेआधी. पाहिलं, थबकले, आणि जुन्या चालीचा माणूस म्हणून ताबडतोब पपईच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले.

"वहिनी," ते पपईला म्हणाले, "पाणी कसं आहे?"

"गार आहे भावोजी. यांना विचारा ना. हे रोज पोहतात."

"हां, हां! हेरंबराव, उतरा मग. आज ओले सापडा बुवा एकदाचे."

हेरंबरावांनी आभाळाकडे पाहिलं. अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते. सर्दी नव्हती. ते गर्रकन वळले आणि घरात पळाले. आतून खण ओढल्याचा, कागद उपसल्याचा, दौत लवंडल्याचा आवाज आला. मग ते परत आले. हातात पिवळा पडलेला कागद, समासात ताजी शाई.

"परवानगीनं आहे, बळवंतराव! सगळं परवानगीनं आहे. हे पाहा, मंजूर! मीच मंजूर केलंय!"

"मला काय दाखवता?" बळवंतराव पपईला म्हणाले. "अर्जदार तिकडे आहे."

हेरंबराव काठावर वाकले. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात कागद, जेवढा लांब करता येईल तेवढा लांब. कागद पाण्यावर लोंबत होता आणि पाण्यापलीकडे, पाच हातांवर, कमलाबाई निवांत तरंगत होत्या.

"घे. मंजूर आहे. घे ना."

कमलाबाईंनी कागदाकडे दुरून पाहिलं, जणू नवरा दुसऱ्या तालुक्यात राहतो.

"काठावर ठेवा," त्या म्हणाल्या. "विचारात ठेवते."

आणि त्यांनी बुडी मारली.